दोन जागांची गाडी

लातूर,
रविवार, १७ नोव्हेंबर १९८५

अमृत,

शरणार्थ. अक्षर ओळखलं असशील. डॉक्टर झाल्यापासून ते बिघडलंय, पण अजून वाचता येतं.

तुझा पत्ता नांदेडला मिळाला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी तिथल्या एका दवाखान्यात हाडांचे पेशंट बघायला जातो. गेल्या खेपेला इस्लापूरहून शेषेराव नावाचे गृहस्थ मनगट मोडून आले होते. निवासी शाळेत कारकून आहे म्हणाले. शाळा कोण चालवतं विचारलं, तर त्यांनी तुझं नाव घेतलं. प्लास्टर घालता घालता माझा हात थांबला, ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. म्हणाले, आमचे सर मूळचे उदगीरकडचेच, पण तिकडं कधी जात नाहीत. गेले कुठं तर रेल्वेनं, नाहीतर पायी. शाळेची जीप आहे, तिच्यात पाय ठेवत नाहीत.

मी १९७९ पासून लातूरला आहे. लग्न झालं. महादेवी उदगीरच्या डाळवाल्यांच्या घरातली. दोन मुली आहेत. तीन वर्षांपूर्वी लातूर जिल्हा झाला, तेव्हापासून गाव ओळखू येत नाही. जिथं आपण बैलबाजार बघितला तिथं आता कुठल्यातरी कचेरीची पाटी आहे. साहेब लोक पांढऱ्या अँबॅसिडरमधून फिरतात. पाणी मात्र चार दिवसांआड येतं.

पत्राचं निमित्त एवढंच की मी एक गाडी घेतली आणि ते सांगावं असं दुसरं कुणी नाही. जुनी विलायती एमजी आहे, दोन जागांची. गडद हिरवी, लांब नाक, तारांची चाकं, मागं बांधलेली स्टेपनी, वर कापडी छत. पुढची काच आडवी पाडता येते. तुझ्या आबांकडं होती तशीच. हैदराबादला एका शेडमध्ये मिळाली.

का घेतली, असं महादेवीनं विचारलं. मी म्हणालो, आठवडाभर लोकांची मोडकी हाडं बघतो, रविवारी जरा वारा खाईन म्हणतो. तिला ते पटलं.

तब्येत सांभाळ. उत्तर नाही पाठवलंस तरी मी समजून घेईन.

तुझा,
रेवण
(रेवणसिद्ध म्हणून मला आता फक्त बँकेत ओळखतात.)


लातूर,
रविवार, ८ डिसेंबर १९८५

अमृत,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

आज गाडीबद्दल लिहितो. तुला ते ऐकवणार नाही कदाचित, पण तुझ्याइतकं कुणाला कळणारही नाही.

सकाळी आंघोळ, लिंगपूजा आटोपली की मी शेड उघडून ताडपत्री काढतो. चोक ओढायचा, मग स्टार्टरची खुंटी. थंडीत इंजिन दोनदा खोकतं आणि तिसऱ्यांदा धरतं. तो आवाज आला की मी अजून तसाच हसतो, जसे आपण आबांच्या अंगणात हसायचो. औशाच्या रस्त्याला लागलो की मी काच पाडतो. गाडी इतकी बुटकी आहे की हात खाली सोडला तर डांबराला लागेल. चाळीसच्या वेगाला शंभराचा भास होतो. गिअरची दांडी दोन बोटांनी ढकलली तरी बसते. लिंबाच्या झाडांखालून जाताना ऊन-सावली, ऊन-सावली अशी तोंडावरून सरकत जाते. त्या तासाभरात मी डॉक्टर नसतो, नवरा नसतो, पस्तिशीतला नसतो. मला ही गाडी चालवायला फार आवडते, अमृत. हे लिहितानाही संकोच वाटून राहिलाय.

कारण बाकी मुलूख भाजून निघालाय. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. मांजरेच्या पात्रात बायका वाळू उकरून वाटीवाटीनं पाणी भरतात. मी त्यांच्या शेजारून हिरवी गाडी पळवत जातो. त्या मान वर करून बघतात, पोरं हात हलवतात. कुणी रागावत नाही. रागावले असते तर मी दुसऱ्या रविवारी गाडी काढली नसती.

मागच्या आठवड्यात उदगीरला गेलो होतो. किल्ल्याच्या रस्त्याला माणिकप्पाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, अजून तोच बसतो. "बर्री डॉक्टर, या," म्हणाला आणि माझ्याकडं न बघता गाडीभोवती फिरला. डाव्या मडगार्डखाली हात घालून चाचपलं. म्हणाला, हा पत्रा एकदा आत गेलेला आहे. ठोकून सरळ केलाय, वरून रंग दिलाय. मग हात पुसत त्यानं विचारलं, ही आबा देशमुखांची तर नव्हे?

मी नाही म्हणालो.

पण तुला पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं. ही तशीच गाडी नाही. तीच आहे. हैदराबादच्या त्या शेडमध्ये मी डाव्या बाजूचं दार उघडलं. आतल्या बाजूला तू शाळेत असताना किल्लीनं कोरलेला "अ" होता. शेडवाला उस्ताद म्हणाला, "देखते क्या साब, बैठो." मी बसलो. डावीकडंच बसलो, माझ्या जुन्या जागेवर. दोन-तीन मिनिटांनी उठलो आणि गाडी घेतो म्हणालो.

रेवण


लातूर,
रविवार, १२ जानेवारी १९८६

अमृत,

गाडीत माझ्याशेजारी कुणीतरी बसतं.

मी हे पेशंटच्या नोंदीसारखं लिहितो, म्हणजे तू मला वेडा ठरवणार नाहीस. लातूर सोडताना डावी जागा रिकामी असते. नळेगावच्या पुढं ते बाभळीचं वळण येतं, तिथं जागेचं कातडं दबतं. आधी मी म्हटलं स्प्रिंग जुनी आहे. माणिकप्पाकडून स्प्रिंग बदलून घेतली. तरी दबतं. वळण गेलं की मला श्वास ऐकू येतो, इंजिनाच्या आवाजाच्या खालून, दमलेल्या माणसाचा. मी तिकडं बघत नाही.

महादेवी एकदाच बसली. औशापर्यंत गेलो आणि परत आलो. उतरल्यावर म्हणाली, मला परक्याच्या जागेवर बसल्यासारखं झालं, आता मला बोलवू नका. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

आणि बोटं. उजव्या हाताची, नाडी बघायची तीन बोटं. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवलं तर स्टिअरिंग हलकं थरथरतं. त्या तीन बोटांना ते नाडीसारखं लागतं. जलद, बारीक नाडी. मी हात काढून मांडीवर ठेवतो, तरी ठोके थांबत नाहीत. शुक्रवारी एका म्हाताऱ्याची नाडी बघत होतो, तर त्याची कुठली आणि ही कुठली ते कळेना. शेवटी सिस्टरला मोजायला सांगितलं.

येत्या गुरुवारी सोळा तारीख. तेरा वर्षं होतील. आपण दोघं त्या दिवसाबद्दल एकमेकांशी कधीच बोललो नाही, म्हणून एकदा जसं घडलं तसं लिहून काढतो.

मी औरंगाबादहून संक्रांतीच्या सुट्टीला आलो होतो, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होतो. आबा गावात नव्हते. तू म्हणालास, चल, नळेगावपर्यंत जाऊन येऊ. सकाळचे अकरा असतील. तू चालवत होतास, मी डावीकडं. दुष्काळी कामावर रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडत होत्या. बहुतेक पलीकडच्या ढिगावर होत्या, अलीकडं एकटीच होती. वळणावर सैल खडी पसरलेली होती. चाक घसरलं. ती टोपलं उचलून उभी राहत होती. डाव्या मडगार्डनं तिला घेतलं.

तू ब्रेक मारलास, उतरलास आणि रडायला लागलास. मी तिच्याजवळ बसून मनगट धरलं. पलीकडून लोक ओरडत धावत येत होते, पण अजून लांब होते. तू म्हणालास, "रेवण, तू इथं थांब, मी हिला नेतो." मी म्हणालो, "गेली ती. चल इथून."

आपण निघालो.

पुढचं तुला माहीत आहे. आबांनी आठवड्यात गाडी हैदराबादला विकली, गावात सगळं मिटवलं, तुला पुण्याला पाठवलं आणि घरात तो विषय काढायचा नाही असं बजावलं. मार्चमध्ये तुझं एक कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती: तिचं नाव कळलं तर कळव. मी उलट टपाली लिहिलं, माहीत नाही. ते तेव्हा खरं होतं.

रेवण


लातूर,
रविवार, २ फेब्रुवारी १९८६

अमृत,

काल नांदेडला शेषेराव पुन्हा आले होते. मनगट छान जुळलंय. जाता जाता मी विचारलं, सरांना माझी पत्रं मिळतात का? ते अवघडले. म्हणाले, मिळतात. सर पाकिटावरचं अक्षर बघतात आणि कपाटात ठेवून देतात. फोडत नाहीत.

परतीच्या एसटीत मला आधी वाईट वाटलं. लोह्याच्या पुढं आल्यावर कळलं की मला हलकंही वाटून राहिलंय. तू वाचत नाहीस, तर मग मला काहीही लिहिता येईल.

ती गेली नव्हती.

माझ्या बोटांखाली नाडी चालू होती. जलद होती, बारीक होती, पण होती. मांडीचं हाड मोडलेलं मला दिसत होतं. पोट मऊ होतं, श्वास चालू होता. शेवटच्या वर्षाच्या पोराला एवढं कळतं. तू म्हणालास, तू थांब, मी नेतो. तेवढ्यात मी मान वर केली. पंचवीस-तीस माणसं धावत येताना दिसली, काहींच्या हातात हातोडे होते. गाडीत जागा दोन. तिला न्यायचं तर मला उतरून त्या माणसांत एकट्यानं उभं राहावं लागणार होतं. मी मनगट सोडलं आणि तुला सांगितलं, गेली ती.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास, कारण आपल्यात डॉक्टर मी होतो.

दहा वर्षं मी धरून चाललो की नंतर ती मेली असणार. चौकशी केली नाही. मग १९८३ च्या जूनमध्ये, जिल्हा होऊन वर्ष व्हायला आलं होतं, तेव्हा इथं अपंगांना दाखले देण्याचं शिबिर झालं. आधी त्यासाठी लोकांना उस्मानाबादला जावं लागायचं. हाडांचा डॉक्टर म्हणून मला बसवलं होतं. दुपारी चाळिशीकडची एक बाई काठी टेकत आली. डावा पाय अडीच इंच आखूड. मांडीचं हाड वाकडं जुळलेलं. मी नेहमीसारखं विचारलं, कशानं झालं? म्हणाली, त्र्याहत्तर साली, नळेगावच्या वळणावर, खडीच्या कामावर. हिरव्या गाडीनं उडवलं. दोघं होते, पळून गेले. उदगीरच्या दवाखान्यात पोचायला दिवस मावळला.

मी तिचा पाय मोजला. कागदावर चाळीस टक्के अपंगत्व लिहिलं, कारणाच्या रकान्यात "अपघात" लिहिलं, सही केली. तिनं दोन्ही हात जोडून जयभीम केला आणि गेली.

तिचं नाव धुरपताबाई. तू विचारलं होतंस. अडीच वर्षांपासून ते मला माहीत आहे. तुला कळवायला एक कार्ड पुरलं असतं. पण ती जिवंत आहे असं तुला लिहायचं, तर तेव्हाही जिवंत होती आणि मला माहीत होतं, हेही लिहावं लागलं असतं. म्हणून मी तुला खुनी राहू दिलं.

मेलेल्या बाईला मी घाबरायचो तेव्हा झोप तरी लागायची. ती जिवंत आहे कळल्यापासून ती सगळीकडं दिसायला लागली. एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, कुणीही काठीवाली बाई दिसली की मी गल्ली बदलतो. मग गाडी सापडली. वाटलं, ही आपल्या शेडमध्ये असली, आपल्या ताब्यात असली, की ते सगळंही ताब्यात राहील. तसं झालं नाही.

हे पाकीट त्या कपाटात नीट राहील, या भरवशावर टाकतोय.

रेवण


लातूर,
सोमवार, १४ एप्रिल १९८६

अमृत,

काल जे झालं ते लिहितो. तू फोड अगर नको फोडू.

ऊन फार होतं, तरी दहाला गाडी काढली. वळणावर न थांबता पुढं गेलो. डावी जागा दबली, श्वास सुरू झाला, मी वेग वाढवला. अर्धा कोस गेलो नाही तोच बोनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटर कोरडा पडला होता. सकाळी मी पाणी बघितलं नव्हतं, कारण घरी हंड्यात तळाशी उरलेलं महादेवीनं स्वयंपाकाला ठेवलं होतं.

समोर एक वस्ती, वस्तीच्या तोंडाशी टँकर आणि टँकरला लागलेली शंभर-दीडशे माणसं. घागरी, डबे, तेलाचे पिंप. मी खाली उतरून उभा राहिलो. त्या माणसांकडं गाडीसाठी पाणी कसं मागणार? बोनेट उघडून उगीच आत बघत राहिलो.

थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"गाडीला पाणी पायजे का?"

ती धुरपताबाई होती. एका हातात काठी, कमरेवर कळशी, नुकतीच भरलेली. मला ओळखून हसली. म्हणाली, तुमीच न्हाई का डागदरसाहेब, मला कागद दिलेला? त्या कागदावर एसटीचं तिकीट अर्धं लागतं. घ्या, कळशीतलं घाला. गाडीला बी तहान असते.

मी म्हणालो, नको, तुमच्या घरचं आहे. ती म्हणाली, मी अजून एक खेप करीन, आज टँकर मोठा आलाय. माझ्या हातात कळशी देऊन ती सावलीसाठी गाडीच्या डाव्या बाजूला गेली. मी रुमालानं झाकण फिरवलं, वाफ जाऊ दिली, पाणी ओतलं. बघितलं तर ती मडगार्डवर हात ठेवून उभी होती. हात पत्र्यावरून हळूहळू फिरत होता, जसा मी पेशंटच्या हाडावरून फिरवतो.

"हीच ती," म्हणाली. "कुणाची गाडी ही?"

"माझी."

"तवा देशमुखाची व्हती." तिनं हात पत्र्यावरून काढला. "दोघं व्हते. एक रडून राहिला व्हता. दुसऱ्यानं माझ्या मनगटाला धरलं. मला वाटलं, आता उचलतेत. मग त्यानं हात सोडला."

मी कळशी खाली ठेवली.

"तो मी होतो," म्हणालो. "तुम्ही जिवंत आहात हे मला कळलं होतं. मी त्याला गेली म्हणून सांगितलं."

ती ओरडेल, टँकरकडच्या लोकांना हाक मारेल, असं मला वाटलं. खरं सांगतो, तेव्हा ते हवंही होतं. तिनं तसं काही केलं नाही. काठीवर रेलून गाडीच्या आत डोकावली. एक जागा बघितली, मग दुसरी बघितली.

"ह्यात दोनच माणसं बसतेत?"

"दोनच."

"म्हंजी मला न्यायचं म्हणलं असतं, तर तुमाला उतरावं लागलं असतं."

"हो."

"येवढंच व्हतं?"

मी होय अशी मान हलवली.

ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि मला पुढचं सांगितलं, कुणा तिसऱ्याच बाईचं सांगावं तसं. मुकादमानं गाडीवानाला बोलावणं धाडलं होतं, तो आला नाही. शेवटी भाऊ दगडोबा चार कोसांवरून बैलगाडी घेऊन आला. तोवर ती बाभळीखाली पडून होती, बायका आळीपाळीनं पदरानं वारा घालत होत्या. दवाखान्यात तीन महिने. पाय आखूड राहिला. खडीच्या कामावर परत घेईनात. नवऱ्यानं दुसरी केली. तेव्हापासून भावाच्या घरी आहे, त्याची पोरं तिनंच वाढवली. एक पोरगी लातूरला नर्सिंगला आहे.

मी डॉक्टर आहे, मला त्या पायाचा हिशेब कळतो. तासाभरात उदगीरला पोचली असती तर पायाला वजनाची ओढ लावून हाड सरळ बसलं असतं. ती काठीशिवाय चालली असती. हे मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं का, कळत नाही. ती म्हणाली, ते मला बी म्हाईत हाय. नर्सिंगच्या पोरीनं सांगितलं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, ते राहू द्या, त्याचं मला आता काही कळत न्हाई. मग तिनं विचारलं, "तो दुसरा कुठं हाय?"

मी तुझं सगळं सांगितलं. घर सोडलंस ते, शाळेचं, जीपमध्येही बसत नाहीस ते. ती ऐकता ऐकता ताठ झाली.

"त्याला म्हाईत हाय का, मी जगले म्हणून?"

"लिहिलंय. पण तो माझं पाकीट फोडत नाही."

"मग उघडं कार्ड टाका की. त्याला काय फोडायचं असतं?" तिनं कळशी उलटी करून बघितली. "तुमचं नगं. माझं टाका. पुढल्या रविवारी या, मी सांगते तसं लिवा. आणि येताना पाणी घरून आणा."

ती टँकरकडं गेली. रांगेच्या शेवटी उभी राहायला लागली, तर बायकांनी तिला पुढं घेतलं.

मी गाडी वळवली. लातूरपर्यंत डावी जागा दबली की नाही, मी बघितलं नाही. मला रडू येत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. काच पाडलेली होती, त्यामुळं समोरून येणाऱ्यांना दिसत असणार.

रात्री महादेवीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती उठून मुलींच्या खोलीत झोपायला गेली. आज सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, कार्ड लिहायला जाल तेव्हा मी येते, मला त्या बाईंना बघायचंय. गाडीत बसणार नाही, एसटीनं येईन.

रेवण


(पोस्टकार्ड)
रविवार, २० एप्रिल १९८६

अमृतराव भाऊ,

जयभीम. मी धुरपता, दगडोबाची बहीण. मी सांगून राहिले आणि डागदर लिवून राहिलेत. मधी आपलं काही घालू नका म्हणून त्यांना ताकीद दिलीय. त्यांची बायको शेजारी बसून वाचून बघणार हाय.

मी जिती हाय. पाय आखूड झाला, बाकी धड हाय. तुमी मला मारलं न्हाई. खडीवरून चाक घसरलं ते मी बघितलं व्हतं.

माझे डोळे झाकलेले व्हते, पण मला ऐकू येत व्हतं. मी हिला नेतो, असं तुमी म्हणाले. ते मी ऐकलं. तेरा वर्सं घरात सांगते की त्या दोघांतला एकजण मला न्यायला तयार व्हता. दगडोबा म्हणतो, तुला भास झाला, मोठ्या घरचं पोरगं असं कुठं म्हणतंय? कुणालाच खरं वाटत न्हाई.

तुमी येऊन त्याला सांगा. माझं येवढं काम करा.

उदगीरच्या एसटीनं आले तर बाभळीच्या वळणाच्या पुढं वस्तीवर उतरा. टँकर सकाळी येतो, तवा मी नसते. दुपारच्याला घरीच असते.

धुरपता
(अंगठा)